सदनिका घेणारा माणूस आपला नव्हे काय?

आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकांतून घरांचा प्रश्न निघाला म्हणजे चर्चा दोन ठिकाणी जाऊन थांबते : झोपडपट्टी आणि चाळ. झोपडीवर बुलडोझर आला की आपण आडवे पडतो, चाळीच्या पुनर्विकासात भाडेकरू नागवला जात असेल तर मोर्चा काढतो. आणि हे दोन्ही आपण करीत राहिलेच पाहिजे. परंतु कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ-बदलापूर, नालासोपारा-विरार या पट्ट्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत लाखो कुटुंबे वीस-वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन 'स्वतःच्या' घरात राहावयास गेली, त्यांच्याविषयी आपणांपाशी धोरण तर नाहीच, साधा शब्दही नाही. 'तो मध्यमवर्गीय, त्याला घर मिळाले, आता तो आपला राहिला नाही' असे एक वाक्य आपल्यापैकी पुष्कळजण सहजपणे उच्चारतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. हे वाक्य अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आणि राजकारणाच्या दृष्टीने आत्मघातकी आहे, असे माझे मत आहे.

प्रथम हा माणूस कोण ते पाहू. तो खाजगी कंपनीत कंत्राटावर असलेला कारकून आहे, रुग्णालयातील परिचारिका आहे, बेस्टचा वाहक आहे, शिक्षण सेवक म्हणून उमेदवारी करून कायम झालेली शिक्षिका आहे. त्याचे वडील गिरणीत होते आणि लालबाग-परळच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्याचे बालपण गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर जे कुटुंब गिरणगावातून उखडले गेले, त्याची पुढची पिढी आज दिव्याला, टिटवाळ्याला किंवा नालासोपाऱ्याला आढळते. गिरण्यांच्या जमिनींसंबंधी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत जो तीन हिश्श्यांचा नियम होता (एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एक मालकाला), तो २००१ साली असा वाकविण्यात आला की वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. कामगाराच्या घामाने ज्या जमिनीला मोल आले तिच्यावर मनोरे उभे राहिले, आणि कामगाराच्या वारसाला सरकार शेलू आणि वांगणी दाखवू लागले. जुलै २०२५ मध्ये गिरणी कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले ते 'आम्हांला मुंबईतच घर द्या' हे सांगण्यासाठी. तेव्हा उपनगरातील सदनिकाधारक हा कुणी उपरा वर्ग नसून आपल्याच हरलेल्या लढ्यांचा वारसदार आहे, हे आधी मान्य करावयास हवे.

आता त्याच्या 'मालकी'चा हिशेब करू. निवृत्त प्राध्यापकाकडे माजी विद्यार्थी पूर्वी लग्नाच्या पत्रिका घेऊन येत. हल्ली कर्जाच्या कागदांचे गठ्ठे घेऊन येतात. त्यामुळे हा हिशेब मला अनेकदा करावा लागला आहे. समजा, डोंबिवलीच्या पूर्वेस, स्टेशनपासून रिक्षाने पाऊण तासावर, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पन्नास लाखांची सदनिका घेतली. (जाहिरातीत हेच अंतर 'दहा मिनिटे' असे छापलेले असते, ती दहा मिनिटे पहाटे तीन वाजता मोजलेली असावीत.) पन्नासपैकी चाळीस लाख बँक देते. उरलेले दहा लाख आईचे दागिने, भविष्यनिर्वाह निधी आणि गावाकडची विकलेली गुंठा-दोन गुंठे जमीन यांतून उभे राहतात. त्यावर मुद्रांक शुल्क सात टक्क्यांनी साडेतीन लाख, वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांनी अडीच लाख आणि नोंदणी फी तीस हजार. म्हणजे किल्ली हातात पडण्यापूर्वी सव्वासोळा लाखांवर रोकड गेली. हा माणूस घर घेण्याआधीच निष्कांचन झालेला असतो.

मग चाळीस लाखांचे कर्ज. दर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षे. मासिक हप्ता ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातील २८,३३३ रुपये व्याजाचे आणि अवघे ६,३८० रुपये मुद्दलाचे. दहा वर्षे एकही हप्ता न चुकविता त्याने साडेएकेचाळीस लाखांवर भरणा केला, म्हणजे घेतलेल्या कर्जाहून अधिक पैसा परत केला, तरी बँकेच्या वहीत त्याच्या नावावर अठ्ठावीस लाख शिल्लक दिसतात. वीस वर्षांअखेर त्याने एकूण ८३ लाख ३१ हजार भरलेले असतात. ज्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न सत्तर हजार आहे (आणि आपल्या देशात सत्तर हजार मिळविणारे कुटुंब श्रीमंतांत मोडते, हेही विसरू नये) त्याचे निम्मे उत्पन्न वीस वर्षांपर्यंत बांधले गेले. हा दर स्थिर राहतो असेही नाही. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत आपला रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बँकांनी लक्षावधी कर्जदारांचा हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढविली. पंचावन्नाव्या वर्षी कर्जमुक्त व्हावयाचा माणूस आता निवृत्तीनंतरही हप्ते भरणार, हे त्याला बँकेच्या एका छापील पत्राने कळले. ते पत्र बहुतेकांनी वाचलेही नाही. कर्जदाराला निवड करण्याची संधी द्या, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितले, ते घोडे न्हाल्यानंतर.

फ्रेडरिक एंगल्स याने १८७२ साली घरांच्या प्रश्नावर जी लेखमाला लिहिली तिच्यात कामगाराला घराचे मालक करण्याच्या योजनांवर कोरडे ओढले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, घराला बांधला गेलेला कामगार गाव सोडून जाऊ शकत नाही, मालकाशी झगडू शकत नाही, आणि त्याची मजुरी पाडणे सोपे होते. दीडशे वर्षांनंतर या म्हणण्यातील तथ्य कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर पाहावयास मिळते. संघटना बांधणाऱ्या आपल्या मित्रांना विचारा. संपाची भाषा निघाली की तरुण कामगार प्रथम काय बोलतो? 'साहेब, हप्ता आहे.' पूर्वी संपकाळात चाळीतला वाणी उधारी देत असे, घरभाडे थकत असे आणि घरमालक दारात येऊन शिव्या देऊन जात असे. बँक शिव्या देत नाही. तीन हप्ते थकले की ती २००२ च्या सरफेसी कायद्याखाली नोटीस देते, आणि त्या कायद्यानुसार घराचा ताबा घेण्यासाठी तिला दिवाणी दावा लावावा लागत नाही. मालकाला आता टाळेबंदीची धमकी देण्याचीही गरज उरलेली नाही. ते काम कर्जाचा करारनामा परस्पर करतो. आणि आपण म्हणतो, हा माणूस सुखवस्तू झाला!

तथापि एंगल्सवर मान डोलावून थांबणे म्हणजे प्रश्न अर्धाच सोडविणे होय. हा माणूस कर्ज का घेतो? तो मूर्ख आहे म्हणून काय? पन्नास लाखांच्या त्याच सदनिकेचे भाडे वर्षाला किमतीच्या दोन-तीन टक्क्यांपलीकडे क्वचित जाते; म्हणजे महिना बारा-साडेबारा हजार. जे बारा हजारांत मिळते त्यासाठी माणूस पस्तीस हजार का मोजतो? वरचे बावीस हजार कशाची किंमत आहे? माझे उत्तर असे की त्यांतील एक वाटा सुरक्षिततेची किंमत आहे आणि दुसरा सट्ट्याची. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांनी मालकाने भाडे वाढविले तर मुकाट्याने द्यावयाचे, नाही तर मुलांची शाळा, रेशनकार्डाचा पत्ता, म्हाताऱ्या आईचा दवाखाना सारे उचलून दुसरीकडे जावयाचे. त्यातून भाडेकरू मुसलमान असेल, दलित असेल, एकटी राहणारी स्त्री असेल, तर करार होण्यापूर्वीच दार बंद होते. नाव विचारताच 'जागा गेली' असे उत्तर मिळते. अशा बाजारात माणूस मालकी विकत घेतो ती हौसेने नव्हे. पुन्हा हाकलले जाऊ नये म्हणून तो ही खंडणी भरतो. आणि सट्टा यासाठी, की भाव वाढतील तेव्हा आपण केलेला त्याग भरून निघेल, असे त्याला एजंट, बँक, वर्तमानपत्राची पुरवणी आणि सासरची मंडळी एकमुखाने सांगत असतात.

भाड्याच्या घरांची ही दुर्दशा आभाळातून पडलेली नाही. परकीय राजवटीने देखील १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे दोनशेच्या वर बी.डी.डी. चाळी बांधल्या आणि त्या भाड्याने दिल्या. त्या खुराड्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण घर हे भाड्याने द्यावयाची सार्वजनिक सोय असू शकते, हे तत्त्व तरी तिने मान्य केले होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने आलेल्या गृहनिर्माण मंडळाने कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती उभ्या केल्या. पुढे म्हाडा आली आणि हळूहळू शासनाने घरमालक होण्याचे नाकारून घरविक्या होण्याचे पत्करले. आज सोडतीच्या दिवशी लाखो अर्जदार नशिबाची चिठ्ठी निघण्याची वाट पाहतात आणि आपण त्याला गृहनिर्माण धोरण म्हणतो! सोडत हे धोरणाचे नाव नव्हे, ते दुष्काळाचे लक्षण आहे.

आणि दुष्काळही कसला? २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात एक कोटी अकरा लाख घरे रिकामी आढळली. २०१२ साली केंद्राच्या तांत्रिक गटाने नागरी घरांची टंचाई एक कोटी ८८ लाखांच्या आसपास काढली आणि त्यातली पंचाण्णव टक्क्यांवर टंचाई दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची आहे असे नमूद केले. एकीकडे कुलूप लावलेली घरे, दुसरीकडे घर नसलेली माणसे. मागणी-पुरवठ्याचा जो नियम आम्ही वर्गात फळ्यावर काढीत आलो, त्याप्रमाणे रिकाम्या घरांचे भाव कोसळावयास हवे होते. ते कोसळत नाहीत, कारण ते घर राहण्यासाठी बांधलेलेच नसते; तो पैसा ठेवण्याचा कोनाडा असतो.

या सगळ्याच्या मुळाशी जमीन आहे. सिमेंट, सळई, विटा आणि गवंड्याची मजुरी दादरला आणि बदलापूरला काही फार वेगळी नाही. किमतीत जो जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो जमिनीचा. आणि जमिनीला मोल कोण आणते? १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत रेल्वे आली ती काही आजच्या बिल्डरांच्या पणजोबांनी आणली नाही. बारवी धरणाचे पाणी ज्यांच्या गावांवरून आले ते आदिवासी व शेतकरी विस्थापित झाले. सूर्या प्रकल्पाचे पाणी वसई-विरारला येते तेव्हा डहाणू-विक्रमगडचा आदिवासी आपल्या शेताच्या पाण्याचे काय, असे विचारीत असतो. शाळा शिक्षकांनी चालविल्या, वाचनालये आणि नाट्यगृहे गावकऱ्यांच्या उत्साहाने उभी राहिली, डोंबिवलीला डोंबिवलीपण आले ते तिथे राहणाऱ्या माणसांमुळे. हे सारे मोल समाजाने निर्माण केले. रिकार्डोपासून हेन्री जॉर्जपर्यंत अर्थशास्त्रज्ञांनी याला अनर्जित वृद्धी म्हटले. कष्टावाचून झालेली ही वृद्धी खिशात कोण घालतो? ज्याने जमीन वेळेवर, म्हणजे बातमी फुटण्यापूर्वी, हस्तगत केली तो.

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या सत्तावीस गावांची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८३ साली ही गावे महापालिकेत गेली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत आली, २०२० मध्ये त्यांतील अठरा वगळण्याचा घाट घातला गेला आणि त्याच वर्षाअखेर उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गावकऱ्यांच्या मागण्यांत तथ्य होतेच. पण या आतबाहेरच्या खेळात इतकी वर्षे नियोजन प्राधिकरण नेमके कोण, हा प्रश्न लोंबकळत राहिला, आणि लोंबकळत्या प्रश्नाच्या सावलीत इमारती पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. आता कल्याण-तळोजा मेट्रोचे खांब दिसू लागले आहेत. मेट्रो धावण्यास अवकाश आहे, भाव मात्र केव्हाच धावू लागले. मुंबई-ठाण्यासारख्या शहरांत मेट्रोसाठी मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार आहे, आणि तो भरतो कोण? घर घेणारा! मेट्रोमुळे ज्याच्या पडीक जमिनीचे मोल दामदुपटीने वाढले, त्याने ती धरून ठेवल्याबद्दल त्या वाढीतला हिस्सा दरसाल समाजाला परत करावा, अशी परिणामकारक व्यवस्था आपल्याकडे नाही. मोकळ्या भूखंडावरचा पालिकेचा कर बाजारभावाच्या या उसळीला स्पर्शही करीत नाही.

असा एक प्रयत्न झाला होता. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. मुंबईत पाचशे चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन कुणी ठेवू नये, जादा जमीन शासनाने घेऊन त्यावर सामान्यांची घरे बांधावीत, असा त्याचा हेतू. त्या कायद्यात विसाव्या व एकविसाव्या कलमांची भगदाडे ठेवली गेली आणि त्यांतून जमीनदार हत्तीसह बाहेर पडले, हे खरे. पण त्याच कायद्याच्या आधारे मृणालताई गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत गोरेगावच्या दिंडोशीत न्यायालयात भांडून जमीन मिळविली आणि हजारो कुटुंबांना परवडणारी घरे उभी करून दाखविली, हेही खरे. भगदाडे बुजविण्याऐवजी सरकारने भिंतच पाडली. केंद्राने १९९९ मध्ये तो कायदा मागे घेतला. शहरांच्या नूतनीकरणाच्या निधीची अट म्हणून महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये. जमीन खुली झाली की पुरवठा वाढेल आणि घरे स्वस्त होतील, असे तेव्हा आमच्याच विषयातील पंडित छातीठोकपणे सांगत होते. जमीन खुली झाली. घरे स्वस्त झाली काय? त्या पंडितांपैकी कुणी याचे उत्तर दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

भूमिपुत्रांविषयीही एक शब्द. सदनिकाधारक आणि आगरी-कुणबी शेतकरी यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचे राजकारण या पट्ट्यात बारमाही पीक देते. वस्तुतः दोघेही एकाच व्यवहाराच्या दोन टोकांना नागवले जातात. नव्या मुंबईसाठी सिडकोने पंचाण्णव गावांच्या जमिनी घेतल्या, तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात पाच जणांनी प्राण दिले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मिळाले. पण सिडकोने उरलेली जमीन लिलावाने विकण्याची जी प्रथा पाडली, तिने सार्वजनिक संस्थाच सट्टेबाज झाली. शेतकऱ्याला मोबदला कालच्या भावाने आणि घर घेणाऱ्याला किंमत उद्याच्या भावाने. मधला फरक कोणाकडे गेला, याचा जाब या दोघांनी मिळून विचारावा, असे आपण त्यांना कधी सांगितले आहे काय?

बेकायदा इमारतींच्या प्रश्नात आपले मौन अधिकच लाजिरवाणे आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत कोसळून ७४ माणसे मेली. ती काही महिन्यांत उभी केलेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण गेले. या दोहोंच्या मधल्या बारा वर्षांत काय झाले? नालासोपाऱ्यात कचराभूमी व सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी राखीव असलेल्या जमिनीवर एकेचाळीस इमारती उभ्या राहिल्या होत्या; न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून पासष्ट इमारतींची महारेराकडे नोंदणी करण्यात आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घर घेणाऱ्याने काय पाहावे असे आपण सांगतो? 'रेराचा क्रमांक पाहा, बँकेने कर्ज दिले आहे का पाहा, मुद्रांक भरून नोंदणी करा.' या इमारतींत अनेकांनी हे तिन्ही पाहिले होते. क्रमांक होता, कर्ज होते, नोंदणी होती. खोटी होती ती फक्त परवानगी, आणि ती खरी की खोटी हे तपासण्याची जबाबदारी ज्या कार्यालयांवर होती त्यांनी एकमेकांकडे बोट दाखविले.

न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. राखीव जमिनीवर बांधलेले पाडलेच पाहिजे, अन्यथा शाळेची, दवाखान्याची एकही आरक्षित जागा उरणार नाही. प्रश्न आहे तो शिक्षा कोणाला झाली याचा. इमारत पडते तेव्हा बिल्डरचा नफा पडत नाही, तो केव्हाच दुसऱ्या प्रकल्पात गुंतलेला असतो. बँकेचे कर्ज पडत नाही. घर जमीनदोस्त झाले तरी हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापला जातो. महापालिकेचे उत्पन्नही पडत नाही, कारण बेकायदा बांधकामावर कर आणि वर दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद महापालिका कायद्यातच आहे. पडते फक्त घर. असा हा शिस्तबद्ध व्यवहार आहे, याला 'फसवणुकीची तुरळक प्रकरणे' म्हणणे हा शुद्ध दांभिकपणा होय.

कायदे नाहीत असेही नाही. १९६३ च्या मोफा कायद्याने आणि नियमांनी सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यावी असे बजावले होते. साठ वर्षांनंतरही हजारो सोसायट्यांच्या इमारतींखालची जमीन बिल्डरच्या नावावर आहे, आणि त्यासाठी २००८ साली 'मानीव अभिहस्तांतरण' नावाची वेगळी वाट काढावी लागली. जो मालक आहे असे आपण म्हणतो, तो पुष्कळदा अधांतरी तरंगणाऱ्या चारशे चौरस फुटांचा मालक असतो. जमीन त्याची नसते, म्हणून उद्या वाढीव चटई क्षेत्र मिळाले तर ते दुसऱ्याचे. २०१६ च्या रेरा कायद्याने सुधारणा झाल्या हे मान्य केले पाहिजे : ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे, कराराशिवाय दहा टक्क्यांवर रक्कम न घेणे, विलंबाबद्दल व्याज. पण वसुलीचा आदेश निघाला की तो जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन पडतो, आणि महसूल खाते बिल्डरच्या मागे ज्या संथपणे लागते, त्या संथपणे ते थकलेल्या शेतकऱ्याच्या मागे कधी लागले नाही.

आता शासन म्हणेल, आम्ही मदत करतो. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत कर्जाच्या व्याजावर अनुदान दिले गेले; २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीतही ते आहे. अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी देखील सांगेल की ज्या वस्तूचा पुरवठा मूठभरांच्या हाती आहे, तिच्या ग्राहकाच्या खिशात सरकारने दोन लाख घातले तर ते बव्हंशी विक्रेत्याच्या खिशात जातात. किंमत तेवढी चढते. हे अनुदान घर घेणाऱ्याचे नावाने काढले जाते एवढेच. परवडणाऱ्या घराची करासाठीची व्याख्या पंचेचाळीस लाख रुपये! ज्या देशात बहुसंख्य कामगारांना पंचेचाळीस लाख ही एका जन्माची कमाई आहे, तेथे हा शब्द वापरणाऱ्यांनी कोणाचा खिसा चाचपून पाहिला होता?

किंमत केवळ पैशांत मोजावयाची नसते. बदलापूर ते मुंबई ६८ किलोमीटर. जाण्यास पावणेदोन तास, येण्यास पावणेदोन तास. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाला हजारांहून अधिक तास, म्हणजे आठ तासांचे सव्वाशेवर दिवस, माणूस लोकलच्या दारात लटकून काढतो. हे दिवस त्याच्या पगारात धरलेले नाहीत. मालकाने कामगाराच्या निवासाचा खर्च टाळला, त्याची ही भरपाई आहे. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतील माणसे एकमेकांना घासून खाली पडली आणि मेली. आपण रेल्वेला दोष दिला, तो द्यावयास हवाच. पण माणसे तिथे राहावयास का गेली आणि कामाला इथे का येतात, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ज्या डोंबिवलीत कारखाने आहेत तिथे ते वस्तीच्या उशाशी आहेत; मे २०१६ आणि मे २०२४ मधील स्फोटांत काचा फुटल्या त्या याच हप्तेकऱ्यांच्या खिडक्यांच्या.

मला ठाऊक आहे, एक आक्षेप येईल. 'हा सदनिकाधारक कर्ज फिटताच भाववाढीचा समर्थक होतो, शेजारच्या झोपडपट्टीविरुद्ध सह्या गोळा करतो, भाडेकरूची जात विचारतो, आणि मत आपल्याला देत नाही.' आक्षेप खोटा नाही. पण त्याला भाववाढीवाचून दुसरा आधार कोणी ठेवला आहे? त्याला निवृत्तिवेतन नाही, आजारपणाची हमी नाही, मुलाच्या नोकरीची शाश्वती नाही. त्याचे सारे म्हातारपण त्या चारशे चौरस फुटांत चिणलेले आहे. जमिनीचे भाव वाढावेत अशी प्रार्थना तो करतो ती लोभाने कमी आणि भीतीने अधिक. भीतीने ग्रासलेल्या माणसाला जो आधी हाक मारतो त्याच्यामागे तो जातो. आपण हाक मारली नाही. ज्यांनी मारली त्यांनी त्याला धर्म, भाषा आणि परप्रांतीय यांच्याकडे बोट दाखविले आणि बिल्डरच्या कार्यालयाकडे पाठ करून उभे केले. त्यांपैकी कित्येकजण त्याच कार्यालयातून आले होते, ही गोष्ट वेगळी.

व्हिएन्नातील समाजवाद्यांनी १९२३ साली निवासकर बसविला, ऐषारामी घरांवर तो चढत्या दराने घेतला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधून ती भाड्याने दिली. आजही त्या शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहते. ते युरोपातले शहर, आपले तसे नाही, हे मला मान्य आहे. पण म्हाडा, सिडको, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, रेल्वे आणि बंदर यांच्या ताब्यातील जमीन पाहिली, तर आपली अडचण जमिनीची आहे असे म्हणता येणार नाही.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीपुढे मी काही गोष्टी ठेवू इच्छितो. सार्वजनिक जमिनीचा लिलाव बंद व्हावा. तिच्यावर दीर्घ मुदतीच्या, वारसांना चालणाऱ्या भाडेकराराची घरे बांधावीत, आणि ती विकता येऊ नयेत. मेट्रो, रस्ता वा पाणी आल्याने जमिनीची जी किंमत वाढते तिच्यावर दरसाल कर बसावा, तो घर घेणाऱ्यावर नव्हे तर मोठ्या धारकावर. ताबा लांबला किंवा इमारत बेकायदा ठरली तर त्या दिवसापासून कर्जाचा हप्ता थांबावा आणि बँकेने आपला पैसा बिल्डरकडून वसूल करावा. तपासणी न करता कर्ज देण्याची खोड त्याशिवाय मोडणार नाही. पासष्ट इमारतींतील रहिवाशांना पर्यायी घर मिळाल्यावाचून बाहेर काढू नये, आणि त्याचा खर्च बनावट कागद करणाऱ्यांच्या व त्यांकडे डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मालमत्तेतून निघावा.

यांतील शेवटची मागणी घेऊन कल्याण आणि डोंबिवलीच्या शाखांनी या महिन्यातच त्या इमारतींत जावे. तेथे आपले स्वागत होईल असे नाही. कर्जाचे कागद, रेराचा क्रमांक आणि करारनामा प्रत्येक घरातून मागून घ्यावा व त्यांची एकत्र यादी करावी. कोणत्या बँकेने किती घरांना कर्ज दिले आणि कोणत्या तारखेस दिले, एवढे जरी कागदावर आले तरी महापालिका, महारेरा आणि बँका यांपैकी कोणाच्या दारात प्रथम जावयाचे ते ठरविता येईल.